नेहमीसारखी दोन वर्षं

योर्डिसच्या डोक्यात रक्त सांडलं तेव्हा ती भाकऱ्या लाटत होती. साल एकोणीसशे एकाहत्तर, ऑक्टोबर महिना. उत्तर स्वीडनमधल्या आमच्या टालशेन गावात थंडी पडायच्या आधी भट्टी पेटवतात आणि सहा महिने पुरतील एवढ्या पातळ भाकऱ्या भाजून ठेवतात. योर्डिस लाटायची आणि तिचे सासरे पेट्रुस भट्टीशी बसून लांब फळीने उलटायचे. मधेच ती म्हणाली, "आबा, मानेत कुणी कुऱ्हाड घातली का हो?" आणि पिठातच बसली.

मी गावची परिचारिका. आमच्या डोंगराळ भागात डॉक्टर सत्तर किलोमीटरवर, त्यामुळे बाळंतपणापासून दातदुखीपर्यंत आधी मलाच फोन. मी पोचले तेव्हा ती ओकत होती आणि उजेड नको म्हणत होती. तिचा नवरा एलोफ लाकूड कारखान्यातून धावत आला होता. भुसा अंगाला तसाच. तो दारात उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "सकाळी बरी होती. सकाळी चांगली बरी होती."

त्या खेपेला ती वाचली. तीन आठवड्यांनी बोलायला, चालायला लागली. पण ऊमेओच्या मोठ्या इस्पितळात तिच्या मानेतल्या शिरेतून रंग सोडून डोक्याचे फोटो काढले, आणि तिथल्या सर्जननी आम्हाला बसवून सांगितलं. मेंदूत खूप आत रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. जन्मापासूनचा असावा. अक्रोडाएवढा. भिंती कच्च्या, म्हणून फुटला. पुन्हा फुटू शकतो.

"मग काढून टाका की," एलोफ म्हणाला.

"तिथपर्यंत जायच्या वाटेवर तिची वाचा आहे," सर्जन म्हणाले. "आणि उजवा हात. मी हात घालणार नाही. पण स्टॉकहोमला एक यंत्र आहे. ते डोकं न उघडता आत पोचतं म्हणतात. पत्र लिहून बघतो."

गावात हे कळलं तेव्हा पेट्रुस आबा तंबाखूची गोळी ओठाखाली सरकवत म्हणाले, "डोकं न उघडता डोक्यातलं काढणार? आमच्या वेळी मोजा काढल्याशिवाय पायातला काटासुद्धा निघत नव्हता."

"आबा, तुमच्या वेळी काटा निघायच्या आधी माणूस निघून जायचा," योर्डिस म्हणाली. आजारपणानं तिची जीभ काही बोथट झाली नव्हती.

मार्चमध्ये बोलावणं आलं. एलोफ येणार नाही म्हणाला. गायी कोण बघणार, आबांना कोण बघणार. खरं कारण मला माहीत होतं, तिलाही. तिनं त्याची कानटोपी सारखी केली आणि म्हणाली, "बरं झालं. तू आला असतास तर मला तुलाच सांभाळावं लागलं असतं." मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गाडीत बसले.

तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ ऑपरेशनं पाहिली होती. पण असं नाही. सकाळी तिच्या कपाळाला आणि डोक्याच्या मागे चार ठिकाणी बधिर करायच्या सुया दिल्या आणि धातूचं एक कडं चार स्क्रूंनी कवटीला पक्कं बसवलं. कड्याच्या कडेनं मोजपट्टीसारख्या खुणा होत्या. ती आरशात बघून म्हणाली, "आमच्या बैलाला वेसण घातली तेव्हा तोही असाच बघत होता." मग ते कडं डोक्यावर असतानाच पुन्हा रंग सोडून फोटो काढले. आता गुंता कुठे आहे ते कड्यावरच्या खुणांवरून मिलिमीटरनं सांगता येणार होतं.

हिशेब करायचं काम तूरे वेस्टलिंग नावाच्या माणसाचं. तो डॉक्टर नव्हता, पदार्थविज्ञानाचा माणूस होता. चाळिशीचा, पांढऱ्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावलेली. फोटोंवर पातळ कागद ठेवून तो पेन्सिलीनं गिरवत होता आणि सरकत्या पट्टीवर आकडे काढत होता. आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलेलो. योर्डिसनं त्याला हाक मारली.

"अहो, तुम्ही माझ्या डोक्याचा नकाशा काढताय तर मला दाखवा तरी."

तो ओशाळला, पण कागद घेऊन तिच्याशेजारी बाकावर बसला. त्यानं समजावलं ते मला अजून आठवतं. यंत्राच्या पोटात कोबाल्टचे तुकडे आहेत, जवळजवळ एकशेऐंशी. प्रत्येकातून एक बारीक किरण निघतो. एकटा किरण इतका दुबळा की मेंदूतून आरपार गेला तरी त्या जागेला कळत नाही. पण सगळे निरनिराळ्या बाजूंनी येऊन एकाच ठिकाणी भेटतील अशी भोकं पाडली आहेत. जिथे भेटतात तिथेच काय ते घडतं.

"आणि माझं डोकं असं ठेवायचं की ते गुंत्यातच भेटतील."

"हो."

"आणि तुमचा आकडा चुकला तर?"

तूरेनं पेन्सिल खिशात ठेवली. "म्हणून मी तीनदा करतो. आणि मग माझ्याशी भांडण असलेल्या माणसाकडून तपासून घेतो."

योर्डिस खूष झाली. "हे बरं. भांडखोर आहे ना चांगला?"

"फार."

त्यानं आणखीही सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी जुन्या लोकांनी ही गोष्ट साध्या क्ष-किरणांच्या नळीनं करून पाहिली होती. ते पुरेना, म्हणून पुढे उप्सालाला जाऊन अणू फोडायच्या मोठ्या यंत्रातून किरण घेतले. पण ते यंत्र म्हणजे एक अख्खी इमारत. रोगी तिथे न्यायचा, शास्त्रज्ञांचं काम थांबवायचं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, इस्पितळात मावेल असं काहीतरी करू या. म्हणून हे कोबाल्टचं. तेही मुळात केलं होतं ते न थांबणाऱ्या वेदनेसाठी आणि हातापायांच्या कंपासाठी. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर वापरायचं हे अगदी नवीन.

"माझ्याआधी किती जण?" तिनं विचारलं.

"बोटांवर मोजता येतील."

"एका हाताच्या की दोन्ही?"

"योर्डिस!" मी म्हणाले.

"विचारू दे की हो सिस्टर. डोकं माझं आहे."

"दोन्ही हातांच्या बोटांवर," तूरे म्हणाला. "आणि सगळ्यांचे निकाल अजून आलेले नाहीत. खोटं सांगून तुम्हाला आत झोपवणार नाही."

दुपारी तिला आत नेलं. एका प्रचंड लोखंडी गोळ्याला समोर खिडकीएवढं तोंड. त्यात तिचं डोकं सरकवून कडं अडकवलं, आम्ही सगळे बाहेर आलो, जाड दार बंद झालं. पाऊण तास. आवाज नाही, वास नाही, काही नाही. मी जाड काचेतून तिचे पाय बघत होते. घरी विणलेले लाल मोजे. एकदा तिनं एका अंगठ्यानं दुसरा अंगठा खाजवला.

दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "कधी सुरू करणार?"

"झालं," तूरे म्हणाला.

"झालं? मी सासऱ्यांच्या पँटला ठिगळ लावते तेव्हासुद्धा याहून जास्त काहीतरी घडतं."

मग डॉक्टरांनी तिला पुढचं सांगितलं. आज आत काहीही बदललेलं नाही. किरणांनी वाहिन्यांच्या भिंतींना इजा झाली आहे. त्या हळूहळू आतून जाड होत जातील आणि बंद होतील. बंद होतील अशी आशा आहे. दोन वर्षं लागतील. तोवर गुंता पूर्वीइतकाच कच्चा. फुटायचा असेल तर फुटेल. दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढल्याशिवाय काही कळणार नाही.

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर नेहमीसारखं जगायचं," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले.

गावात परतलो तेव्हा स्टेशनवर निम्मं गाव. सगळ्यांना डोक्याला मोठं बँडेज बघायचं होतं. होत्या फक्त चार खपल्या. दुकानात तर कुणी म्हणालंही, एवढ्या लांब जाऊन टोपी घालून घेऊन आली. पेट्रुस आबांनी तिचं डोकं उजेडाकडे वळवून नीट पाहिलं आणि एलोफला म्हणाले, "अरे, हिला तर त्यांनी हातही लावलेला नाही. उगाच काळजी केलीस."

एलोफची काळजी तर आता कुठे सुरू झाली होती.

त्यानं तिला दुधाची बादली उचलू दिली नाही. बर्फावर घसरत जायच्या तिच्या लाकडी पट्ट्या काढून माळ्यावर टाकल्या. भट्टीच्या खोलीला कुलूप. धार काढायला शेजारच्या गावातली एक बाई येऊ लागली. योर्डिस खोकली तरी तो हातातलं काम टाकून यायचा. तिनं वाकायचं नाही, जोरात हसायचं नाही, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हाळी द्यायची नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात गायी डोंगरावर नेतात. जंगलात मोकळ्या सोडतात आणि संध्याकाळी बायका हाळी देऊन बोलावतात. ते गाणंही नाही नि ओरडणंही नाही. डोक्याच्या वरच्या टोकातून काढलेला उंच, पातळ सूर, तीन किलोमीटरवर ऐकू जाणारा. आमच्या खोऱ्यात असा सूर काढणारी योर्डिस शेवटचीच होती. ती हाळी देताना तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. एलोफनं त्या लग्नाआधी पाहिल्या होत्या आणि तो त्यांच्यावरच भाळला होता असं आबा सांगायचे. आता त्याच शिरा त्याला फुटताना दिसत होत्या.

त्या उन्हाळ्यात गायी डोंगरावर गेल्याच नाहीत. मागच्या कुरणात कुंपणाला नाक लावून उभ्या राहिल्या. योर्डिस खिडकीत बसायची. सहा महिन्यांत तिचं वजन आठ किलो उतरलं, आणि तिनं विनोद करणं सोडलं.

सप्टेंबरमध्ये मी गेले तेव्हा तिनं कॉफी ओतली, आमच्याकडच्या रीतीनं कपात चीजचे तुकडे टाकले आणि शांतपणे म्हणाली, "सिस्टर, याला सांगा. डॉक्टर म्हणाले होते नेहमीसारखं. तुम्ही होतात तिथे."

एलोफनं बशी खाली ठेवली. "सांगा की. तिनं ओरडलेलं चालेल म्हणून सांगा. आणि काही झालं तर त्याची जबाबदारी घ्या."

मी तिशी ओलांडल्यापासून या गावाला निर्भयपणे हुकूम सोडत आले होते. त्या दिवशी मी कच खाल्ली. मी म्हणाले, "जरा जपलेलं बरंच, योर्डिस. दीड वर्ष तर राहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मोजून पाहिल्यासारखं. मग उठून कप विसळायला लागली. मी गाडीत बसले आणि स्वतःला एक शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही. ती जाऊ नये म्हणून मी तिला जपायला सांगत नव्हते. तिचं काही झालं तर माझ्यावर येऊ नये म्हणून सांगत होते. एलोफला निदान प्रेमाचं निमित्त होतं.

तिनं मग आम्हा दोघांनाही न सांगता तूरे वेस्टलिंगला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते तिनं नाताळात मला वाचायला दिलं. एकच पान होतं. "नेहमीसारखं म्हणजे काय हे तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही, कारण तुमचं नेहमीचं मी पाहिलेलं नाही. मी डॉक्टर नाही म्हणून इथल्या दोघा डॉक्टरांना विचारलं. गुंता झोपेतही फुटू शकतो आणि बादली उचलतानाही. हाळी दिल्यानं फुटतो असं दोघांपैकी कुणी पाहिलेलं नाही. फुटणारच नाही असंही ते म्हणत नाहीत. माझं स्वतःचं विचाराल तर, आम्ही हे सगळं केलं ते तुम्ही खिडकीत बसावं म्हणून नाही."

"एलोफला दाखवलंस?"

"दाखवलं. वाचून गोठ्यात निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पट्ट्या माळ्यावरून खाली आल्या होत्या."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गायी डोंगरावर गेल्या. पण एलोफची एक अट होती: हाळी नाही. गायींना परत आणायला एलोफ कामावरून सुटून रोज डोंगर चढायचा आणि घंटेच्या आवाजामागे रानभर फिरायचा. गायी त्याला जुमानायच्या नाहीत. योर्डिस डोंगरावरच्या झोपडीच्या पायरीवर बसून बघायची, पण निदान वाऱ्यात बसायची, आणि चेहऱ्यावर रंग आला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मीही वर गेले होते, आबांचा रक्तदाब तपासायचं निमित्त करून. आबा तिथे नव्हतेच. पलीकडच्या दलदलीत पिवळी बोरं वेचायला सकाळीच गेले होते. वय ब्याऐंशी. दुपारी दोनच्या सुमारास सरोवरावरून धुकं उठलं आणि अर्ध्या तासात समोरचं कुंपण दिसेना. ती दलदल मी ओळखते. तिथे शेवाळाखाली पाणी आहे, काही ठिकाणी माणूसभर.

एलोफनं तोंडाशी हात धरून हाका मारल्या. धुक्यात त्याचा जाड आवाज कापसात ठोसा मारावा तसा बुडून जात होता. तो दोनदा आत जायला निघाला आणि दोनदा मी त्याचा कोट धरला. एकाऐवजी दोघं हरवून काय उपयोग.

योर्डिस पायरीवरून उठली. अंगणाच्या टोकाशी गेली आणि पाय रोवून उभी राहिली. ती काय करणार ते एलोफला माझ्याआधी कळलं. त्यानं धावत जाऊन तिचा दंड पकडला.

"नको."

"सोड."

"योर्डिस, नको गं. मी जातो आत. तू नको."

"तुझा बाप आहे तिकडे," ती म्हणाली. "आणि माझेही तेच आबा आहेत. माझं डोकं म्हणजे जपून ठेवायचा पिठाचा डबा नाही, एलोफ. माझ्या डोक्यात मी आहे. सोड."

त्यानं सोडलं. दोन पावलं मागे आला आणि लाकडाच्या ढिगावर बसला, दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून.

पहिली हाळी चिरकली. दोन वर्षांचा गंज होता. दुसरी लागली. ती धुक्यातून सुरी जावी तशी गेली आणि पलीकडच्या कड्यावरून परत आली. मग ती थांबलीच नाही. एक सूर, श्वास, एक सूर. मी तिच्या मानेकडे बघत होते, आणि मला लाज वाटते पण मी सेकंद मोजत होते, किती वेळात खाली कोसळेल याचे. एलोफ तिच्याकडे बघत नव्हता. डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

तासाभरानं घंटा ऐकू आली. आधी एक, मग तीन-चार. धुक्यातून म्होरक्या गायीचं तोंड बाहेर आलं, आणि तिच्या गळपट्ट्याला धरून, कमरेपर्यंत चिखलात माखलेले पेट्रुस आबा. दुसऱ्या हातात बोरांची बादली, भरलेली.

"कुठे गेली होती ही हाळी इतके दिवस?" ते ओरडले. "वर्षभर या गायी माझ्याकडे अशा बघताहेत, जशी ती मीच गिळलीय!"

योर्डिस हसली. पोट धरून, जोरात, घसा बसलेल्या आवाजात हसली, आणि कुणीही तिला हळू हस म्हणालं नाही.

एलोफ उठला. मला वाटलं तिला मिठी मारेल. त्यानं बापाच्या हातातली बादली घेतली आणि तिच्या हातात दिली, आणि मग बापाला उचलून घरात नेलं.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये आम्ही तिघं स्टॉकहोमला गेलो. या वेळी एलोफ आला. लग्नातला कोट घालून. फोटो काढले आणि तूरेनं जुना आणि नवा असे दोन फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. डावीकडे अक्रोडासारखा काळा गुंता. उजवीकडे झाडाच्या फांद्यांसारख्या साध्या वाहिन्या आणि मधे, जिथे गुंता होता तिथे, काहीच नाही.

डॉक्टर बोलत होते, पण एलोफ काचेजवळ जाऊन त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभा राहिला. "इथे होता?"

"तिथेच," तूरे म्हणाला.

"दोन वर्षं मी याला रोज बघत होतो," एलोफ म्हणाला. "याहून खूप मोठा होता."

निघताना तूरेनं संकोचत विचारलं, हे दोन फोटो परदेशी डॉक्टरांना दाखवले तर चालेल का; नाव नसेल, फक्त क्रमांक. योर्डिस म्हणाली, "दाखवा. पण हेही सांगा. तुमचं काम पाऊण तासात झालं. उरलेली दोन वर्षं आमच्या माथी मारलीत आणि म्हणालात नेहमीसारखं. त्याचा काही विचार करा."

तूरेनं ते खरंच मनावर घेतलं. पुढच्या वर्षापासून उत्तरेकडून असा रोगी आला की घरी जाताना त्याच्या हातात एका कागदावर योर्डिसचा फोन नंबर दिला जाऊ लागला. वर्षाला दोन-तीन फोन येत. ती रोग्याची विचारपूस करायची, आणि मग म्हणायची, "आता तुमच्या घरात सगळ्यात जास्त कोण घाबरलंय त्यांना द्या." आणि स्वतःच्या हातातला फोन एलोफला द्यायची.

एलोफ फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलणारा माणूस नव्हे. या लोकांशी मात्र तो उभ्याउभ्या तासतास बोलायचा. काय बोलायचा ते मी कधी विचारलं नाही. एकदा स्वयंपाकघरातून ऐकू आलं तेवढं एवढंच होतं: "हो, मीही तिच्या पट्ट्या लपवल्या होत्या. कुठे लपवल्यात तुम्ही?"

त्या सगळ्यांपैकी बहुतेक बरे झाले. सगळे नाही. अगदी उत्तरेकडच्या किरुनाचा एक खाणकामगार होता, त्याचा गुंता अकराव्या महिन्यात फुटला. आम्हाला त्याच्या बायकोनं कळवलं. जानेवारीत, उणे तीस थंडीत, एलोफ गाडी घेऊन एकटा किरुनाला गेला. कधी न भेटलेल्या माणसाच्या मातीला. तिसऱ्या दिवशी परतला. योर्डिसनं विचारलं, ती बाई काय म्हणाली.

"म्हणाली, शेवटचं वर्ष तो मासेमारीला जात होता," एलोफ म्हणाला. "तुमचं ऐकून त्याला अडवलं नाही, ते बरं झालं म्हणाली." मग तो बूट काढायला बसला, आणि बराच वेळ एकच बूट काढून तसाच बसून राहिला. योर्डिस येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसली.